पगारी जनता

डोळे अधू झाले आणि शिवणताईंचं मशीन बंद पडलं, तेव्हा जावयानं त्यांना हे काम आणून दिलं. काम म्हणजे काय, तर नुसतं बसणं.

टेकडीवरची ती धार्मिक शाळा बड्या घरच्या मुलांची. पोहायचा तलाव काय, घोड्यांचा तबेला काय! पण कागदोपत्री ती धर्मादाय संस्था, म्हणून कर माफ. त्यासाठी शाळेचं प्रार्थनागृह सगळ्यांना खुलं हवं. तसं ते होतंच, फक्त फाटकावरचा पहारेकरी कुणाला आत सोडत नसे.

"तपासणीला कुणीतरी दिसायला हवं ना," व्यवस्थापक म्हणाले. "दुपारभर बसा. तुम्ही म्हणजे आमची जनता."

ताईंना हसूच आलं.

पण आत त्यांच्या आधीच एक म्हातारा बसलेला असायचा. पहिल्या बाकावर, पाठमोरा, ताठ. कोट खांद्यावर उसवलेला. ताई निघाल्या तरी तो तिथंच. खोकला नाही, चुळबुळ नाही. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी त्या बाकापाशी गारठा.

तपासणीला कर खात्याचे निरीक्षक आले आणि खूश झाले. "वा! हे आजोबा गेल्या वर्षीही होते की."

निरीक्षकांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत व्यवस्थापकांनी हसू टिकवलं. मग ताईंना दाराबाहेर बाजूला घेतलं. "ताई, त्याला आम्हीच ठेवलं होतं. पण तो हिवाळ्यात गेला हो. मी स्वतः पोचवायला गेलो होतो."

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. "मग काहीतरी करा ना!"

व्यवस्थापकांनी घाम पुसला. विचार करता करता त्यांचा चेहरा उजळला. "बसू दे की. साहेबांना दिसतोय ना? वर पगारही नको. उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ताईंचं डोकं सणकलं. भीती बाजूलाच राहिली. तरातरा आत जाऊन त्या म्हाताऱ्याशेजारी बसल्या. तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून उसवलेल्या खांद्याकडे बघत म्हणाल्या, "आजोबा, किती बसायचं?"

"जा असं कुणी म्हणालंच नाही," बाकाच्या लाकडातून यावा तसा आवाज आला. "मी उठलो तर मग जनता कोण?"

"त्यांचं ते बघतील. सुटलात तुम्ही. चला."

त्या उठल्या. बाक करकरला. थोड्या वेळानं पुन्हा करकरला. मागे न बघता त्या फाटकापर्यंत आल्या. त्या बाहेर पडल्यावरही पहारेकरी फाटक धरून उभा राहिला, आणि कुणाला वाट द्यावी तसा अंग चोरून बाजूला झाला. का, ते त्यालाही कळलं नसावं.

पुढच्या तपासणीआधी व्यवस्थापकांचे निरोपावर निरोप आले. ताई गेल्या नाहीत. करमाफी टिकली, एवढं जावयानं सांगितलं. त्या बाकावर आता कुणाला बसवलंय, हे मात्र ताईंना विचारवलं नाही.