मोहनरावांच्या नावाचा पंप

मांजरसुंब्याचा घाट उतरताना सत्यशीलाच्या पिकपचं इंजिन एकदम गप्प झालं. खडखड नाही, धूर नाही. मागे झेंडूचे साठ क्रेट, शेजारी नवरा हनुमान आणि समोर उतार. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा. हनुमानला गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून तो रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतो. त्या सकाळी त्यानं दोन्ही पाय दाबले आणि लिंबागणेशच्या गणपतीला हाक मारली. डाव्या अंगाला डोंगर होता म्हणून बरं. सत्यशीलानं हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या मुरमात घातली. दार खडकाला घासत गेलं आणि गाडी थांबली.

दहा मिनिटांनी तिनं चावी फिरवली, तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तिला इतका राग आला की तिनं डॅशबोर्डवर थापच मारली.

ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी गावातला मेकॅनिक म्हणाला होता, डिझेलमध्ये पाणी आलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, हवा धरली. दोनदा फिल्टर बदलून झाल्यावर म्हणाला, "वैनी, तुमीच क्लच बरोबर सोडत नसताल." सत्यशीला नऊ वर्षं गाडी चालवत होती. पण त्या भागात पिकप चालवणारी बाई ती एकटीच, त्यामुळे गाडीला काही झालं की लोक आधी तिच्याकडे बघायचे.

दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत ते बीडला पोचले. बाजारात फुलं उतरवली. "आता ही गाडी मी घाटात घालणार न्हाई," सत्यशीला म्हणाली आणि तिनं पुतणीला, दिपालीला फोन केला. दिपाली बीडला वसतिगृहात राहून फार्मसी शिकत होती. तिनं येऊन आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकला आणि मोबाईल काकूपुढे धरला.

"काकू, कंपनीनंच ह्या गाड्या माघारी बोलावल्यात. डिझेल पंप खराब निघालाय. आतला धातू झिजून त्याचा चुरा होतो आन चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं. फुकट बदलून देणारेत."

"मंजी कंपनीला ठाऊक हाय?" हनुमाननं विचारलं.

"अडीच महिने झाले."

"मग आमाला कावून सांगितलं न्हाई?"

दिपालीनं सर्व्हिस सेंटरचा पत्ता शोधला.

सर्व्हिस सेंटर बाजारापासून जवळच होतं. काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी होती, बोलायला गोड. तिनं नंबर टाकला आणि भुवया वर केल्या.

"मॅडम, मालकाचं नाव मोहनराव दाखवतंय. राहणार तलवाडा."

"त्यांच्याकडून आमी चार वर्षांमागं घेतली. आरसीवर माझं नाव हाय, हे बघा."

"आरटीओचं रेकॉर्ड वेगळं, कंपनीचं वेगळं. जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद, उघडायची तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जाईल."

"मग आधी नाव बदला."

"नाव बदलायलाही ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातो."

सत्यशीलानं आरसी पिशवीत टाकली. "बरं. गाडी इथं ठेवते. चालवायची भीती वाटती."

"जॉब कार्ड असल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही, मॅडम."

शेवटी गाडी सेंटरच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लावली. वैष्णवीनं दिलेला नंबर दिवसभर लावून पाहिला. रिंग जायची, कोणी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सत्यशीला बीडहून गेवराई आणि गेवराईहून दुसरी एसटी धरून एकटीच तलवाड्याला गेली.

मोहनराव तिथले मोठे बागायतदार, एकेकाळचे बाजार समितीचे सभापती. ओसरीवर चार माणसं बसलेली. मोहनरावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, गाडी लई चांगली दिली होती तुमाला. मोहनरावानं खराब वस्तू दिली, असं कोनी म्हनलं न्हाई आजवर."

"आण्णा, तुमाला दोष न्हाई देत मी. पंप कंपनीचा. मला फकस्त ओटीपी पाहिजे."

"तो नंबर आता घरात असतो," ते म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अगं, फोन आन!"

त्यांची बायको वत्सलाबाई बाहेर आली. गळ्यात दोरीची पिशवी, पिशवीत फोन. "अनोळखी नंबर मी उचलत न्हाई," ती म्हणाली. "आन कंपनीचं म्हनाल तर रोज काहीतरी इंग्रजीत येतंय. आमच्या प्रविणनं सांगून ठेवलंय, इंग्रजीत आलं की फसवनूक, लगोलग पुसायचं. मी एकबी ठेवला न्हाई."

सत्यशीलाच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहिला. अडीच महिन्यांचे इशारे ही बाई नेमानं पुसत होती, आणि चूक तिचीही नव्हती.

सत्यशीलानं वैष्णवीला फोन लावला. पहिला ओटीपी आला, तो वत्सलाबाईनं सवयीनं पुसून टाकला. दुसरा आला तेव्हा चष्मा सापडेना. सापडेपर्यंत मुदत संपली. मग वैष्णवी सकाळच्या मीटिंगला बसली. पाऊण तास सत्यशीला ओसरीच्या खांबाला टेकून बसली. तिसरा ओटीपी मात्र वत्सलाबाईनं शाळेतल्या मुलीसारखा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत सांगितला आणि काम झालं.

"जॉब कार्ड उघडलं, मॅडम," वैष्णवी फोनवर म्हणाली. "पण पंप शिल्लक नाहीत. चार ते सहा आठवडे लागतील."

"तवर गाडीचं काय करू?"

"चालवू नका, असं कंपनीचं पत्र आहे."

"मग दुसरी गाडी द्या चालवायला."

"ती सोय फक्त कारवाल्यांना आहे."

सत्यशीलानं फोन ठेवला. चपला घालून अंगणात आली आणि तिथंच थबकली. गोठ्यापुढे तसलीच पिकप उभी होती. तोच पांढरा रंग, तेच मॉडेल. मागच्या हौद्यात कापूस वेचायला निघालेल्या बायका चढत होत्या. चौदा-पंधरा तरी असतील. मोहनरावांचा मुलगा प्रविण स्टिअरिंगवर बसून शेवटची बाई चढायची वाट बघत होता.

"दादा, ही गाडी मधीच बंद पडती का?" तिनं विचारलं.

"पडती कधी कधी. हवा धरती."

मागून साखराबाई नावाची म्हातारी बोलली, "काल पुलावर बंद पडली की! आमी उतरून ढकलली."

सत्यशीलानं प्रविणकडून आरसी मागून घेतली आणि दिपालीनं शिकवलं होतं तसा नंबर टाकला. तीच लाल अक्षरं आली. तिनं मोबाईल प्रविणला दाखवला, मग ओसरीवर जाऊन मोहनरावांना.

मोहनरावांनी हात झटकला. "अहो, आमची गाडी झकास चालती. कंपनीवाले काय, लिहितेत काहीबाही. प्रविण, नीघ बे. ऊन चढलं."

प्रविणनं चावीला हात घातला. सत्यशीला तीन ढांगांत खिडकीशी आली आणि त्याच्या हाताखालून चावी काढून घेतली. दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या गाडीची चावी मुठीत धरून ती उभी होती.

"ए बाई!" मोहनराव उठले. "चावी दे. कोनाच्या दारात उभी हायेस, कळतंय का?"

"कळतंय, आण्णा. काल मी घाटात होते. माज्या मागं झेंडू होता. तुमच्या मागं मानसं हायेत. मेकॅनिक म्हनतो हवा, तुमी म्हनता हवा, कंपनी म्हनती सहा आठवडे. कोनी म्हनत न्हाई की ह्या बायांना खाली उतरवा!"

मोहनराव पायरी उतरून पुढं आले. तेवढ्यात वत्सलाबाई मधे आली. तिनं हात पुढं केला तो सत्यशीलापुढे. सत्यशीलानं चावी दिली. वत्सलाबाईनं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून घट्ट केली आणि नवऱ्याला म्हणाली, "ट्रॅक्टर काढा." मग ती आत निघून गेली.

साखराबाई सगळ्यांत आधी खाली उतरली. तिच्या मागे बाकीच्या.

चार माणसांदेखत झालेलं मोहनरावांना झोंबलं. त्यांनी तिथंच फोन काढला आणि सत्यशीलाला सुनावलं, "सहा आठवडे? मोहनरावाला? जॉब कार्ड-बिर्ड तुमच्यासारख्यांना. बघाच आता." कंपनीच्या पुण्यातल्या कोणाला तरी त्यांनी बजावलं की मोहनरावांच्या गाडीचा पंप आठ दिवसांत बीडला पोचला पाहिजे. सत्यशीला ते ऐकतच फाटकाबाहेर पडली. एसटीला तासभर होता. सावलीला बसल्यावर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

पुढचे दिवस वाईट गेले. झेंडू फुलून झाडावरच काळा पडायला लागला. हनुमान शेजाऱ्याच्या टेम्पोत जागा मागून चार-सहा क्रेट पाठवायचा. एक दिवसाआड सत्यशीला सर्व्हिस सेंटरला फोन करायची आणि वैष्णवी एक दिवसाआड तेवढ्याच गोड आवाजात "पेंडिंग आहे" म्हणायची.

नवव्या दिवशी फोन तिकडून आला. "मॅडम, पंप आला. या."

सत्यशीला पोचली तेव्हा काउंटरवर प्रविण उभा होता. त्यालाही निरोप गेला होता. पुण्याच्या त्या माणसाकडून.

"हा पंप आमचा हाय," प्रविण म्हणाला. "आण्णांनी मागवलाय."

वैष्णवीनं खोक्यावरचा कागद वाचला. मग स्क्रीन बघितली. मग पुन्हा कागद. "पुण्याहून मोहनरावांच्या नावानं पाठवलाय, बरोबर. त्यांनी नाव शोधलं असेल, आणि त्या नावावर उघडलेलं जॉब कार्ड एकच आहे. ह्या मॅडमच्या गाडीचं, कंपनीत ती अजून त्यांच्याच नावावर आहे. तुमच्या गाडीचं जॉब कार्डच नाही."

"मग आता उघडा!"

"उघडते. पण हा पंप ह्या चेसिस नंबरवर आलाय. दुसऱ्या गाडीला लावला तर माझी नोकरी जाईल."

प्रविणनं वडलांना फोन लावला. पलीकडचा आवाज काउंटरपर्यंत ऐकू येत होता. नोकरीपासून कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. वैष्णवी मान खाली घालून ऐकत राहिली, पण खोक्यावरचा हात तिनं काढला नाही. शेवटी प्रविणनंच फोन बंद केला.

"लावा ह्यांना," तो खुर्चीत बसत म्हणाला. "अन् मलाबी एक कार्ड द्या उघडून. आईनं चावी सोडली न्हाई अजून. रोज ट्रॅक्टरनंच ने-आन चाललीय."

काम व्हायला संध्याकाळ झाली. हेड मेकॅनिकनं जुना पंप ट्रेमध्ये ठेवला. सत्यशीलानं तो बघायला मागितला. त्यातलं डिझेल त्यानं पांढऱ्या फडक्यावर ओतलं. फडक्यावर चांदीसारखी चमचम पसरली.

"हा बघा चुरा," तो म्हणाला.

"आन आमचा मेकॅनिक म्हनत होता, मी क्लच नीट सोडत न्हाई."

"क्लचचा काही संबंध नाही, ताई."

एवढं एक वाक्य ऐकायला तिची गाडी तीन वेळा बंद पडावी लागली होती. तिनं ते फडकं मागून घेतलं, घडी करून पिशवीत टाकलं. गावात पोचल्यावर पहिल्यांदा त्या मेकॅनिकच्या दुकानात जायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं.

वैष्णवीनं सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं, 'सेवेबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.'

"सही केल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, मॅडम," ती ओशाळून म्हणाली. "माझ्या हातात नाही ते."

सत्यशीलानं तिच्याकडे बघितलं. दिवसभर शिव्या खाऊन पोरीचा चेहरा सुकून गेला होता. सत्यशीलानं पेन घेतलं, 'पूर्ण समाधानी' यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं 'पंप बसवून मिळाला', आणि खाली सही केली.

वैष्णवीनं कागद वाचला, शिक्का मारला आणि चावी दिली.