दोन्ही ओळी लाल

चुंग लाय-क्वान कुणाच्या घरात शिरली की आधी भिंत ठोकून बघे. मग छत, मग फरशी, आणि सगळ्यात शेवटी घरातली माणसं. कुणी नाक मुरडलंच तर ती सांगे, "माणसं हलतात हो, भिंत हलत नाही." दार उघडणारा बहुतेक वेळा तिच्या पाठीमागे बघून विचारी, "सीफू खाली थांबलेत का?" उस्ताद सुतार म्हणजे पुरुषच, अशी लोकांची समजूत. "सीफू आत आल्या," असं म्हणून ती चपला काढी आणि भिंतीला भिडे.

हाँगकाँगात लहान घरांना तोटा नाही, तसा लहान घरात मोठा संसार बसवून देणाऱ्या सुतारांनाही नाही. पण लाय-क्वानची गोष्ट वेगळी होती, आणि ते ती स्वतःच सांगत असल्यामुळे इतरांना सांगायची गरज पडत नसे. जिन्याखाली कपडे, कपाटात टेबल, टेबलात शिवणयंत्र, बाकाच्या पोटात भाताचं पोतं. एकाच वस्तूकडून दोन कामं करून घेतली नाहीत तर तिला रात्री झोप लागत नसे. बापाकडून धंदा घेतला तेव्हा लोक हसले होते. आता तेच लोक नंबर लावून थांबत.

तोंग कुटुंबाचं घर तो-क्वा-वान भागात होतं, घर म्हणजे एकच खोली. न्हाणीघराचं दार उघडलं की फ्रिजचं दार उघडत नसे. विंग-फाय मिनीबस चालवायचा, त्याची बायको युक-लिंग बेकरीत कामाला, आणि मुलगी का-यू शाळेत. यात आता चौथं माणूस मावायला हवं होतं. विंग-फायची आई शाम शुई पो भागातल्या जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या जिन्याच्या टोकाला, एकटी राहत होती आणि ती इमारत पाडणार होते. विंग-फायने सरहद्दीपलीकडचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. म्हातारीही म्हणत होती, जाते बापडी. अडून बसली होती ती सून.

"का-यूला त्यांनी वाढवलं, तेव्हा कुठे मी नोकरी करू शकले," युक-लिंग म्हणाली. "आता त्यांना सरहद्दीपलीकडे टाकून यायचं? जागा करा सीफू. कशीही करा."

"कशीही नाही, नीट करते," लाय-क्वान म्हणाली आणि तिने भिंत ठोकली.

म्हातारीचा निरोप एवढाच होता की मालकांचा, म्हणजे गेलेल्या नवऱ्याचा, देव्हारा डोक्याशी हवा. जुन्या घरात नवरा-बायको खाली-वर झोपायची, नवरा वरच्या फळीवर. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण म्हातारीचं म्हणणं, तो वरच असावा, सवय आहे. लाय-क्वानला ही अट फार आवडली. एकाच कपाटात वर देव्हारा, लाल दिवा, उदबत्तीची जागा, आणि खाली भिंतीत उभा राहणारा पलंग. पलंग वर गेला की त्याच्या पाठीवरून जेवायचं टेबल उलगडणार, सगळ्यांचं जेवण आणि पोरीचा अभ्यास त्यावरच. रात्री टेबल गडप, पलंग खाली. एका बोटाने उचलावा असा. चित्र काढून झालं तेव्हा तिने ते स्वतःच दोनदा बघितलं आणि खूश होऊन चहा केला.

बसवायच्या दिवशी म्हातारी आली. अंगाने चिमणी, पण जिन्यांवर पोसलेली. लाय-क्वानने एका बोटाने पलंग खाली आणला, एका बोटाने वर नेला, टेबल उलगडलं. का-यू टाळ्या पिटायला लागली. विंग-फाय "अरे वा, अरे वा" म्हणत राहिला. म्हातारीने खिशातून नवऱ्याचा जुना टेप काढला. नवराही सुतारच होता, जहाजांवरचा.

तिथल्या सुताराच्या टेपवर नुसते आकडे नसतात. आकड्यांच्या सोबतीने दोन ओळी धावतात, लाल आणि काळ्या घरांच्या. लाल माप शुभ, काळं अशुभ. वरची ओळ जिवंत माणसांच्या दारा-पलंगांची, खालची ओळ गेलेल्यांची, थडग्यांची आणि देव्हाऱ्यांची. हे सुताराच्या पोराला बोलायच्या आधी कळतं.

म्हातारीने पलंगाची लांबी घेतली. मग रुंदी. मग टेप तसाच धरून लेकाला जवळ बोलावलं.

"वरची ओळ कुठली?"

"काळी."

"आणि खालची?"

विंग-फाय टेपवर आणखी वाकला.

"खालची लाल," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मेलेल्या माणसाचं माप आहे हे. सीफू, मी अजून आहे हो."

युक-लिंगने तोंडावर हात ठेवला. लाय-क्वानला लगेच उमगलं काय झालं ते. कपाट एकच, सुरुवात देव्हाऱ्यापासून केली, अंगठा खालच्या ओळीवर ठेवला आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. एका वस्तूची दोन कामं करायच्या हौसेत दोघांना एकच माप लावलं, आणि ते नेमकं मेलेल्याचं! बाप असता तर टेप फेकून मारला असता.

"चूक माझी," ती म्हणाली. "पूर्ण माझी. उद्या काढून नेते, नवीन कापते."

"नको," म्हातारी घाईने म्हणाली. "आता राहू द्या. अपशकुन झाला म्हणजे झाला. फाय, त्या पलीकडच्या आश्रमाला फोन कर."

"आई, अहो, माप तर बदलता येतं!" युक-लिंग रडवेली झाली. पण म्हातारीने टेप गुंडाळून खिशात टाकला होता.

लाय-क्वान हत्यारं गोळा करत होती, पण तिचं लक्ष म्हातारीकडे होतं. ज्या गिऱ्हाइकाला वस्तू हवी असते ते चूक सापडली की भांडतं, भाव पाडतं, तुमचं डोकं खातं. ही बाई तर परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाम शुई पोला गेली. जिना चढता चढता तिने त्या इमारतीला आणि स्वतःला भरपूर शिव्या दिल्या.

"दार उघडंच आहे, या," आतून आवाज आला. "भिंत ठोकू नका, पडेल."

म्हातारी पिशवी भरत बसली होती. चेकची मोठी पिशवी, चेन तुटलेली म्हणून दोरीने बांधायची. लाय-क्वान धपकन स्टुलावर बसली.

"पोपो," आजीबाईंना म्हणतात तसं ती म्हणाली, "मी गिऱ्हाइकं खूप बघितलीत. माझी चूक सापडली आणि तुम्ही सुटलात. का, ते सांगा. नाहीतर मी इथून हलत नाही, आणि तुमच्या या जिन्याने माझे गुडघे गेलेत, तेव्हा हलवणंही सोपं नाही."

म्हातारी हसली. मग हसू विरलं.

"माप चुकलं होतं, ते खोटं नाही."

"चुकलंच होतं."

"तुमचा पलंग रोज सकाळी भिंतीत जाणार ना?"

"हो."

"मग मला रोज सकाळी उठायला हवं."

"उठताच की तुम्ही. सगळ्यांच्या आधी."

"आज उठते," म्हातारी म्हणाली. "गेल्या थंडीत मी अंथरुणाला खिळले होते. अंगात जीव नव्हता. शेजारीण पेज आणून द्यायची, मी पडून खायची, पुन्हा झोपायची. इथे मी पडले तर कुणाचं काही अडत नाही. तिथे पडले तर? फाय जेवणार कुठे, पोरगी लिहिणार कुठे? पहिल्यांदा बिचारे उभ्याने जेवतील, हसत हसत. पुढे? युक-लिंग गुणाची आहे म्हणून तर म्हणते. तिच्या कपाळावर आठी आणायला मी जाणार नाही. आश्रमात निदान पलंग दिवसभर पलंगच असतो."

आयुष्यभर लाय-क्वानने पलंग उचलला कसा जाईल याचा विचार केला होता, त्यावरचं माणूस उठेल का याचा नाही. ओळीची चूक त्यापुढे पोरखेळ होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" ती जरा चिडूनच म्हणाली.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही भिंतीला विचारलंत."

लाय-क्वान उठली. दाराशी जाऊन परत वळली.

"आश्रमाला फोन करू नका. मला एक संधी द्या. या वेळी तुमची परीक्षा नाही, माझी."

ते एका बोटाचं कपाट तिने स्वतःच्या हाताने सुटं केलं. दुकानात लावायला त्याचा फोटो काढायचा राहिला होता, तो राहूनच गेला. देव्हारा जिथल्या तिथे ठेवला. त्याखाली पलंग केला तो कधीच भिंतीत न जाणारा, चार पायांवर पक्का उभा. पाठीची फळी ओढली की दिवसा बाक, नाही ओढली तर पलंग. पोटात खोल खण. टेबल मात्र तिने समोरच्या भिंतीतल्या कपाटात नेलं आणि खाली रूळ टाकले. ओढलं की ते सरकत पलंगाच्या काठापर्यंत येई, आणि पलंगावरच्या माणसाच्या मांडीवरही. पलीकडच्या बाजूला घडीची स्टुलं.

"म्हणजे आता टेबलच चालत येणार?" का-यूने विचारलं.

"मग? आजी कुठे कुठे चालणार? तरुण कोण आहे, टेबल की आजी?"

म्हातारीने पुन्हा टेप काढला. टेपवर दोन्ही ओळी लाल असतील अशा जागा फार नसतात, शोधाव्या लागतात, पण असतात. लाय-क्वानने शोधल्या होत्या. लांबीला वरची ओळ लाल, खालचीही लाल. रुंदीलाही तसंच.

"वरची तुमची, खालची मालकांची," लाय-क्वान म्हणाली. "कुणाला कुणाच्या मापात झोपायला नको."

म्हातारीने मान डोलावली. राहायला आली, पण ती चेकची पिशवी उकलली नाही. दाराशी, चपलांच्या शेजारी ठेवली, दोरी बांधलेली. आणि रोज सगळ्यांच्या आधी उठून, पांघरूण घडी करून, फळी ओढून ती बाकावर ताठ बसे. युक-लिंगने हे फोनवर सांगितलं तेव्हा लाय-क्वान म्हणाली, "बसू दे. माझ्या कामावर माझा भरवसा आहे. त्यांचा बसायला वेळ लागेल."

मग थंडीतला तो मोठा सण आला, ज्या दिवशी सगळं घर एकत्र जेवतं आणि बेकऱ्यासुद्धा लवकर बंद होतात. सकाळीच युक-लिंगचा फोन आला.

"सीफू, आई उठल्या नाहीत."

लाय-क्वानच्या हातातला रंधा थांबला. "ताप? डॉक्टर बोलावलात?"

"ताप नाही काही. भिंतीकडे तोंड करून पडल्यात. विचारलं तर म्हणाल्या, आज उठत नाही. तुम्ही जेवायलाच या ना आज, मला काही सुचत नाहीये."

लाय-क्वान पोचली तेव्हा दार उघडायला विंग-फाय आला. ती भिंतीकडे न बघता सरळ पलंगाशी गेली. टेबल ओढून पुढे आणलेलं होतं. त्यावर वाफेचा मासा, कोंबडी, मशरूमचं सूप, आल्याच्या पाकातले तांदळाचे गोड गोळे. का-यूने स्वतःची वही टेबलाच्या एका कोपऱ्यात दाटून बसवली होती. आणि देव्हाऱ्याच्या लाल दिव्याखाली, उशांना टेकून, गळ्यापर्यंत रजईत, म्हातारी हातात वाटी घेऊन मजेत सूप पीत होती.

"पोपो! काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"मग उठला का नाहीत?"

"कंटाळा आला," म्हातारी म्हणाली. "या घरात मला कंटाळा यायची सोय आहे का, ते बघत होते. बसा, सीफू. तो मासा जरा इकडे सरकवा. मला उठता येत नाही."

विंग-फायला हसू आवरेना. युक-लिंग हसत होती आणि डोळे पुसत होती. तिने माशाचा गालाजवळचा मऊ तुकडा काढून सासूच्या वाटीत ठेवला. तिच्या कपाळावर आठी नव्हती. म्हातारी वाटीच्या काठावरून नेमकं तेच बघत होती.

लाय-क्वानने स्टूल उघडलं आणि बसता बसता चपलांकडे बघितलं. दाराशी पिशवी नव्हती.

"ती पिशवी कुठाय?"

"बाजाराला नेली होती आज," युक-लिंग म्हणाली. "आईच म्हणाल्या, मोठी आहे, भाजी भरपूर मावेल. सामान पलंगाच्या खणात लावलंय." मग सासूकडे वळून तिने विचारलं, "आणि उद्या? उद्या तरी उठणार ना?"

"बघू," म्हातारी म्हणाली आणि रजई आणखी वर ओढली.