काकूची तीन अंडी

सासरेबुवांचा आपल्या तीन बोटांवर जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या भावावरही नव्हता. कोंबडी धरायची आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवायची. तीन मावली तर ही भरपूर घालणार, हिच्याच अंड्यांतून पुढची पिल्लं काढायची. एकच मावलं तर खाटीक. अशी निवड करत करत त्यांनी पोल्ट्री उभी केली होती. जावईही त्यांनीच निवडला होता. कशावरून, हे विचारायची जावयाची छाती नव्हती.

या घरजावयाला आल्या आल्या खुराड्यांच्या कामाला जुंपलं. सगळ्या कोंबड्यांनी त्याला टोचून काढलं, एक सोडून. ती करडी, लठ्ठ कोंबडी लग्नघरातल्या काकूसारखी नुसती मिरवायची, कामाला हात लावायची नाही. तो तिला काकूच म्हणायचा. काकूने अंडं कधी घातलंच नाही. खाटीक टळावा म्हणून त्याने शेजारीण कोंबडीचं उचलून तिच्याखाली सरकवलं. एकदाच. मग रोजच.

बघता बघता काकू पोल्ट्रीत पहिली आली.

सासरेबुवांनी तिला उचलून बोटं टेकवली. एक मावलं. पुन्हा टेकवली. एकच. तेव्हापासून ते जेवताना मध्येच थांबून बोटांकडे बघत बसत.

"बाबा, ताटातलं गार होतंय," मुलगी म्हणाली.

"आजवर खाटकाकडे धाडल्या, त्यांत अशा किती काकू असतील गं?"

जावई ताटातला भात चिवडत राहिला. खरं सांगावं तर काकू खाटकाकडे आणि तिच्यामागे आपण रस्त्यावर. गप्प बसावं तर म्हातारा खंगत चाललेला.

त्यात सासरेबुवांनी अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीवाल्यासमोर काकूची फुशारकी मारून ठेवलेली. एके दिवशी सकाळीच तो दारात हजर.

"माझ्यासमोर बसवा. खुराड्याची झडप मी पाडणार, मीच उघडणार," तो म्हणाला. "अंडं दिसलं तर हिची पिल्लं माझी."

झडप पडली. सगळे चहाला गेले. जावई "हात धुऊन येतो" म्हणून उठला आणि खिशात अंडं घेऊन मागच्या बाजूने खुराड्याशी पोचला. तिथली एक फळी सैल होती. आतून काकूने शांतपणे त्याच्याकडे बघितलं. अंडं सरकवून तो परतला, तर सासरेबुवा जागेवर नव्हते. ते आले तेव्हा जावयाची बायको उठली. "पाणी बघून येते."

हॅचरीवाल्याने झडप उघडली.

तीन अंडी होती. एक पांढरं, एक तांबूस, एक ठिपक्याठिपक्यांचं.

हॅचरीवाल्याने ती पुन्हा मोजली.

"एका दमात तीन?"

"काल तिची सुट्टी होती," सासरेबुवा म्हणाले.

हॅचरीवाल्याने काकूला नमस्कार केला, सगळी पिल्लं बोलून ठेवली आणि खूश होऊन गेला.

तो नजरेआड झाल्यावर सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं.

"पांढरं कुणाचं?"

"माझं," जावई पुटपुटला. "म्हणजे शेजारणीचं. रोजचीही माझीच, बाबा."

"तांबूस मी ठेवलं. ठिपक्यांचं?"

बायको छताकडे बघत होती. "तुम्हा दोघांच्या भरवशावर राहायचं म्हणजे…"

सासरेबुवांनी काकूला उचललं. त्यांनी बोटं टेकवली.

"एकच!" त्यांचे डोळे भरून आले. "एकच मावतंय! माझी बोटं बरोबर होती रे!"

"मग… खाटीक?"

"डोकं फिरलं का तुमचं, जावईबापू? आत्ताच हिच्या पिल्लांची बोलणी झालीत!"

"पण पिल्लं फसवी निघतील त्याचं काय?"

"फसवी कशी निघतील?" बायको म्हणाली. "अंडी तर चांगल्या कोंबड्यांचीच आहेत ना? नाव तेवढं काकूचं."

सासरेबुवांनी काकूला अलगद खुराड्यात ठेवलं आणि मागची सैल फळी हलवून बघितली.

"ही अजून जरा सैल करा," ते म्हणाले. "माझा हात तुमच्यापेक्षा जाड आहे."