धाकट्याची जुळवणी

धाकट्याची जीभ लहानपणापासून धारदार. वाद घालायला बसला की मोठ्यांनाही पळता भुई थोडी करायचा, म्हणून घरात त्याला वकीलच म्हणत. बाविसाव्या वर्षी त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले आणि कॉलेज सुटलं. स्किझोफ्रेनिया, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांनी आवाज थांबले, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. आवाज गेले म्हणजे आजार गेला, असं त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, मनाशी धरलं होतं. मग तो जुना वकील अजून परत का येत नाही, हे तिला कळत नव्हतं.

वडिलांच्या मागे पुस्तकबांधणीचं दुकान ताईच चालवायची. तिने त्याला शिलाईला बसवलं. टाके घालावेत तर त्यानेच. पण तीन कामं सांगितली की पहिलं अर्ध्यावर टाकून तो मधेच उभा राहायचा. शेगडीवरची खळ करपली तरी त्याला पत्ता नसायचा.

एकदा एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर आपल्या वारलेल्या बायकोची पत्रं घेऊन आले. तारखेवार लावून पुस्तक बांधून हवं होतं. ताई तापाने फणफणलेली, तिने सगळं काम वकिलावर सोपवलं. पुस्तक देखणं झालं. म्हाताऱ्याने दुकानातच उघडून पाहिलं, तर पहिल्याच पानावर बायकोने इस्पितळातून लिहिलेलं शेवटचं पत्र. लग्नानंतरचं पहिलं कुठेतरी मधे, तेही उलटं. त्यांनी पुस्तक मिटलं. पुस्तक पिशवीत घातलं आणि निघून गेले.

ताईचा तोल सुटला. "आजाराच्या नावाखाली आळस किती दिवस करणार आहेस?"

वकिलाने मान खाली घातली. पूर्वीचा असता तर चार वाक्यांत तिचं तोंड बंद केलं असतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला चाचण्यांसाठी मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. ताई मागे खुर्चीत बसून होती. बाईंनी आकडे म्हटले, ते त्याने उलटे म्हणायचे होते. शब्द वाचले, ते आठवायचे होते. चित्रं ओळीने लावायची होती. त्याच्या कपाळावर घाम आला. चौथ्या शब्दाशी तो अडला आणि मग आधीचे तीनही हातचे गेले. ताईला वाटलं, उठून त्याच्या कानात सांगावं.

नंतर बाईंनी दोघांना समोर बसवलं. ताईने तोडगा आधीच काढून ठेवला होता: स्मरणशक्ती अधू असेल तर वही देऊ, सगळं लिहून ठेवील.

"नुसत्या वहीने भागणार नाही," बाई म्हणाल्या. "लक्ष, आठवण, वेग, आखणी, ही नावं आपण वेगवेगळी ठेवली. या आजारात पुष्कळदा ती एकमेकांना धरूनच खाली येतात. याचंही तसंच आहे. एक गोष्ट उमजायला वेळ लागतो, तोवर दुसरी येऊन ठेपते. मग लक्ष ढळतं. जे नीट आत गेलंच नाही, ते आठवणार कुठून? आणि आठवत नसेल तर ओळीने लावणार कसं?"

वकील ताईकडे वळला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे तो आळस नव्हता. मलाही तो आळसच वाटत होता गं. रोज सकाळी ठरवायचो, आज आळस करायचा नाही."

ताईला त्याच्याकडे बघवेना. सहा वर्षं तो स्वतःलाच बोल लावत होता, आणि त्यात तिने आपला आवाज मिळवला होता.

दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हरांच्या घरी जाऊन माफी मागून आली. त्यांनी पुस्तक काढून दिलं. दुकानात तिने रेडिओ बंद केला, टाके उसवले, पत्रं तारखेवार लावली आणि त्यांचा एकेक जुडगा त्याच्या हातात द्यायला लागली. पहिला शिवून झाल्याशिवाय दुसरा नाही. मधे बोलणं नाही. तिच्यासारख्या बडबडीला तेच सगळ्यात जड गेलं.

काम चार दिवस चाललं. पुस्तक नेताना म्हाताऱ्याने शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हात कोणाचा?"

वकिलाला उत्तर जुळवायला वेळ लागला. ताईच्या ओठावर ते आलं होतं, पण तिने गिळलं.

"माझा," तो म्हणाला.

ते गेल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन उगाच पुठ्ठे रचत बसली. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती तो भाऊ आता यायचा नव्हता. बाहेर जो होता, तो टेबल पुसत होता, एकदा पुसलेला कोपरा पुन्हा पुसत. तिने डोळे कोरडे केले, नवा दोरा घेतला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.