तीन हिसके

दोराचं काम दोघांचं असतं. नऊ मजली इमारतीच्या बाहेरच्या काचा पुसायला उतरणाऱ्याचा दोर जोडीदाराने तीन हिसके देऊन तपासायचा आणि मगच ‘जा’ म्हणायचं, हा आमचा नियम. माझा जोडीदार म्हणजे माझा मेहुणा, गेली अकरा वर्षं. मी गच्चीवरच्या लोखंडी कडीतून दोर ओवायचो आणि दुसरं टोक माझ्या कमरपट्ट्याला बांधायचो. कडीपाशी गाठ मारायची ती त्याने. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती, हातांना तसं वळण पडलं होतं.

त्या सकाळी मेहुणा तापाने फणफणला होता. मुकादमाने माझ्या जोडीला आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेली, नाल्यापलीकडच्या वस्तीतली मुलगी दिली. गेल्या वर्षी आमचे चार पट्टे चोरीला गेले, तेव्हापासून नाल्यापलीकडचं माणूस दिसलं की आमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चोर सापडला नव्हता, पण आमच्यापुरता निकाल लागला होता. एक तक्रार आली तरी घरी बसवीन, असं मुकादमाने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आठ दिवस ती टाकीच्या मागे एकटी जेवत होती. उतरण्याआधी स्वतःचा दोर स्वतःच दोन्ही हातांनी ओढून बघायची, आणि ही स्वतःचीच पाठ थोपटते म्हणून आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो, खोटं कशाला सांगू?

तर मी दोर ओवला, कमरेला गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि कठड्याकडे निघालो. ती आडवी आली. दोर तपासायचाय म्हणाली. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी इथे काय माशा मारतोय का, असं तिला विचारलं, आणि माझ्या दोराला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. पलीकडे बादल्या भरणारे तिघे हात थांबवून बघायला लागले. ती जागची हलली नाही.

“नियम आहे, काका,” ती म्हणाली.

“नियम आमच्यात आहे,” मी म्हटलं.

आवाज ऐकून मुकादम वर आला. एक तर ही कामावर राहील नाही तर मी, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने फार विचार केला नाही. सामान आवर म्हणाला तिला. ती मान खाली घालून पट्टा सोडायला लागली.

मी कठड्यावर बसलो आणि एक पाय बाहेर टाकला. वारा सुटला होता. खाली उभ्या गाड्या काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. रागाने कान तापले होते, आणि त्या रागात कडीकडे मी एकदाही वळून पाहिलं नाही. दुसरा पाय उचलणार, एवढ्यात पाठीमागून धावल्याचा आवाज आला.

“काका, थांबा.”

“हात लावू नकोस.”

तिने ऐकलं नाही. एका हाताने माझा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने दोराला हिसका दिला. दोर वीतभर सरकला. दुसऱ्या हिसक्याला हातभर आला. तिसऱ्याला त्याचं टोक कडीतून सुटून गच्चीवर पडलं. मी त्या टोकाकडे बघत राहिलो. ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

“आधी पाय आत घ्या,” ती म्हणाली, “मग काय ओरडायचं ते ओरडा.”

पाय आत घेतला. कडीची गाठ कोणी मारायची होती, असं मुकादमाने विचारलं. बिचाऱ्या मेहुण्याचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

ती पट्ट्याची गुंडाळी करून पिशवीत भरत होती. तिला काढलेलंच होतं ना.

“आठ दिवस तुझा दोर कोणी तपासला?” मी विचारलं.

“कोणी नाही.”

आठ दिवस ती नऊ मजले अशीच उतरत होती आणि आम्ही बघत होतो. मुकादम चुळबुळला. आजचा दिवस राहू दे, उद्याचं उद्या बघू, असं काहीसं बोलला. मी त्याला म्हटलं, ती माझ्या जोडीला आहे, उद्याही आणि परवाही. मेहुण्याचं काय, असं त्याने विचारलं. तो आला की तिघं होऊ, मी सांगितलं.

तिने पट्टा पुन्हा कमरेला बांधला, दोर ओवला, कडीपाशी गाठ मारली आणि उभी राहिली. मी गेलो. एक हिसका दिला, दुसरा दिला. गाठ तसूभर हलली नाही.

“जा,” मी म्हटलं.

“अजून एक राहिला, काका.”

तिसरा दिला. मग माझ्या दोराचं गच्चीवर पडलेलं टोक उचललं आणि बादल्या भरणाऱ्या त्या तिघांच्या देखत तिच्या हातात दिलं.

“कडीची गाठ तू मार,” मी म्हटलं. “अकरा वर्षांत मी ती मारलेली नाही.”