स्वच्छ पाठ

कंबर

नेसणाची गाठ बसते तिथे एक लाल कडं उठलं. पडाव भागातल्या मेडिकलवाल्याने न बघताच ट्यूब दिली. "भाभी, दो दिन में साफ." झालंही साफ. खाज गेली, लाली गेली, मी निर्धास्त.

पोट

कडं परत आलं, बांगडीएवढं. त्याच्या आत आणखी एक. ट्यूब लावली की विझतं, सोडली की पेटतं, आणि दर वेळी थोडं पुढे सरकलेलं असतं. ध्रुव अजून रांगतही नाही. दूध पिताना त्याची मूठ माझ्या पोटावर आपटते. मी मध्ये पदर घालते, पदरावर टॉवेल. तो चिडून रडतो. मीही.

मांडी

आता तिथेही. दाल बाजारातल्या डॉक्टरीणबाई ट्यूब बघून कपाळाला हात लावतात.

"ये फेंको. इसमें स्टेरॉइड है. लाली दबती है, फंगस नहीं. ऊपर साफ, नीचे फैलता रहता है." मग विचारतात, "आपके कपड़े और कौन पहनता है?"

"कोई नहीं."

नवऱ्याचा, राघवचा, टॉवेल वेगळा. माझ्या साड्या मी उकळते. मग येतंय कुठून?

काठी

घरी येते. देवघराबाहेर, छताजवळच्या काठीवर एरवी मुकटा वाळत असतो. सोवळ्याचं रेशीम. साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्यातून काढायचा. सकाळी नैवेद्याला सासूबाई नेसतात, संध्याकाळी आरतीला मी. तीच गाठ, कमरेच्या त्याच जागी.

आत्ता काठी रिकामी आहे. देवघरातून ध्रुवचं हसणं.

पाठ

तो सासूबाईंच्या मांडीवर, नागडा. सोवळ्यात उघडं मूल चालतं, कपड्यातलं नाही. म्हणून त्या आधी झबलं काढतात. रोज. रोज उघडी पाठ त्या मुकट्यावर.

मी बाहेरच्या साडीतच आत घुसते, त्याला उचलते.

"अगं, अगं! शिवलीस! दवाखान्यातून आलीस ना तशीच?"

"आई, तुम्हाला कमरेला खाजतं का?"

त्या समईची वात सारखी करतात. "खाजत होतं. तुझी ती कपाटातली ट्यूब लावते. मस्त आराम आहे. त्यात काय सांगायचं?"

मी ध्रुवला खिडकीशी नेते. मान. काखा. पाठ. काही नाही. कुठेच काही नाही.

"घाबरतेस किती!" सासूबाई हसतात. "परवा दिसलं होतं त्याच्या पाठीवर, लालसर, गोल. लगेच लावली मी. बघ, नावाला उरलं नाही."

स्वच्छ पाठ. माझ्या हातात.

"कुठे होतं, आई? नेमकं दाखवा."

त्या चष्मा लावून वाकतात. बोट टेकवतात. "इथे." सरकवतात. "नाही, इथे." बोट खाली जातं, कमरेपर्यंत, परत वर मानेशी. त्यांचं हसू गेलंय.

बोट फिरतंच आहे.