केसाएवढी तार

मित्रांनो, जुन्या सामानाच्या दुकानात फळीवर पडून असलेला मी एक जुना रिसीव्हर आहे. टीव्हीचा आवाज माझ्याकडे येई आणि मी तो खोलीतल्या पाच स्पीकरना वाटून देई.

मला ज्यांनी घरी आणलं, ते तीस वर्षं चित्रपटगृहात ऑपरेटर होते. त्यांनी तारांची टोकं सोलली, तांब्याचे धागे पिळून घट्ट केले, लाल तार माझ्या पाठीवरच्या लाल खुंटीत आणि काळी काळ्या खुंटीत बसवली. पहिल्याच चित्रपटात मागच्या स्पीकरमधून घोडे दौडत आले, तेव्हा त्यांच्या बायकोने झटकन पाय वर घेतले. दोघं पोट धरून हसले.

पुढे त्या वारल्या. मग मधुमेहाने ऑपरेटरांचे डोळे गेले, बोटंही बधिर झाली. चित्रपट ते कानांनी पाहू लागले. "आता तो डावीकडून येईल," असं स्वतःशीच म्हणत.

एकदा भिंती रंगवायच्या म्हणून मुलाने सगळ्या तारा उपसल्या आणि नंतर घाईघाईत कशाबशा खुपसल्या. केसाएवढा एक धागा शेजारच्या खुंटीला टेकला. अशा वेळी जळू नये म्हणून मी आपोआप बंद पडतो. तसाच पडलो.

"जुनं झालंय ते, बाबा."

"नाही रे. तार टेकली असेल कुठेतरी. तू नुसतं मागे वाकून बघ, पुढचं मी सांगतो."

"बघू रविवारी."

असे किती रविवार गेले. टीव्हीच्या पातळ आवाजात कोण कुठून आलं ते कळेना. एका दुपारी ते माझ्यामागे जमिनीवर बसले. तासभर चाचपडले. बोटांना काही लागेना. शेवटी भिंतीला धरून उठले आणि पलंगावर जाऊन पडले. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. चार महिन्यांनी ते गेले.

मला न्यायला दुकानदार आला. त्याने मागे वाकून पाहिलं, धागा बाजूला केला, बटण दाबलं. पाचही स्पीकर बोलू लागले.

"अहो, चांगला चालतोय की हा. काय झालं होतं?"

मुलगा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बंद करा. घेऊन जा."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण घरातलं म्हातारं माणूस एवढंसं काही मागत असेल, तर हातातलं ठेवून उठा. दुकानदाराला मिनिटभरही लागलं नव्हतं.